विंडसर स्पिटफायर्स, 2008-09: कर्णधार गेल्यानंतरचा हंगाम

18 फेब्रुवारी 2008, सोमवार. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात त्या दिवशी पहिल्यांदाच 'फॅमिली डे'ची सार्वजनिक सुट्टी होती. विंडसर शहराला लागून असलेल्या टेकम्सी गावात मिकी रेनो आपल्या घरी होता. वय 19. विंडसर स्पिटफायर्स या ज्युनियर आइस हॉकी संघाचा तो कर्णधार, अंगावर 18 नंबरची जर्सी. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) कॅल्गरी फ्लेम्सने त्याला निवडलं होतं, म्हणजे नॅशनल हॉकी लीग या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचं दार त्याच्यासाठी किलकिलं झालं होतं. त्याचे वडील मार्क रेनो स्वतः त्या लीगमध्ये खेळलेले. सुट्टीच्या त्या दिवशी मिकी घरातच कोसळला आणि पुन्हा उठला नाही. कारण निघालं हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होत जाण्याचा, बहुतेक वेळा आनुवंशिक असलेला आजार.

पंधरा महिन्यांनी, 24 मे 2009 रोजी, याच संघाने मेमोरियल कप जिंकला. कॅनडाच्या ज्युनियर हॉकीत त्याहून मोठा मान नाही.

या दोन तारखांमध्ये जे घडलं ते 'मुलं मिकीसाठी जिंकली' एवढ्या एका वाक्यात सांगितलं जातं. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्या वाक्यामुळेच. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्या मुलांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण दुःखाने गोल होत नाहीत. दरवर्षी कितीतरी संघांवर असा आघात होतो आणि ते जिंकत नाहीत. म्हणून त्यांचं प्रेम कमी ठरतं का? विंडसर का जिंकलं हे समजून घ्यायचं, तर फेब्रुवारी 2008 च्याही मागे जावं लागतं.

ज्युनियर हॉकी म्हणजे काय

आपल्या वाचकाला हा खेळ परका आहे, म्हणून थोडं आधी सांगतो. कॅनडात 16 ते 20 वयाच्या मुलांच्या तीन मोठ्या लीग आहेत: पश्चिमेची, ऑन्टारिओची आणि क्युबेकची. तिन्ही मिळून त्या काळी 60 संघ. पंधरा-सोळाव्या वर्षी ड्राफ्टमध्ये संघ मुलाला निवडतो आणि मुलगा घर सोडून त्या शहरात जातो. तिथे एखादं कुटुंब त्याला ठेवून घेतं. या यजमान घराला 'बिलेट' म्हणतात. मुलगा त्यांच्या पोरांबरोबर जेवतो, तिथल्या शाळेत जातो, दुपारी सराव करतो आणि रात्री बसने दुसऱ्या गावी सामन्याला निघतो. ऑन्टारिओत नियमित हंगामात 68 सामने. विसाव्या वर्षाचे खेळाडू एका संघात तीनच चालतात. त्यामुळे दर उन्हाळ्यात संघाचा मोठा भाग निघून जातो आणि नवी पोरं येतात. कुठलाही ज्युनियर संघ दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त तसाच टिकत नाही.

बर्फावर एका वेळी गोलरक्षक धरून सहा जण असतात. पुढे तिघांची फळी, मागे दोघे बचावपटू. जेमतेम पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने स्केटिंग करायचं आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बाहेर यायचं, की ताजे तिघे आत. खो-खोमध्ये पळणाऱ्यांची तिघांची तुकडी उतरते तशीच ही तिघांची तुकडी. फरक इतकाच, की इथे बाद होण्याची वाट बघायची नाही, दम जाण्याआधीच बदलायचं. म्हणून एक-दोन हिऱ्यांवर हा खेळ जिंकता येत नाही. किमान तीन तुकड्या तोडीस तोड लागतात. विंडसरच्या यशाचं निम्मं उत्तर याच गोष्टीत आहे.

पडका क्लब

विंडसर म्हणजे कॅनडातलं डेट्रॉइट. अमेरिकेतलं खरं डेट्रॉइट समोरच, मध्ये फक्त नदी आणि तिच्यावरचा ॲम्बॅसेडर पूल. शहर मोटारींवर जगतं, क्रायसलरची मिनीव्हॅन तिथे बनते. स्पिटफायर्सचं घर होतं विंडसर अरिना, 1924 ची इमारत. डेट्रॉइटचा व्यावसायिक संघ, जो आज रेड विंग्ज म्हणून ओळखला जातो, तो आपला पहिला 1926-27 चा हंगाम नदी ओलांडून याच इमारतीत खेळला होता. लोक तिला 'बार्न' म्हणत. शब्दशः कोठार. प्रेक्षक अगदी बर्फावर ओणवे झाल्यासारखे बसत.

संघाच्या इतिहासात एक जुनं शल्य होतं. 1988 साली विंडसरने ऑन्टारिओच्या प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) एकही सामना न गमावता विजेतेपद मिळवलं आणि मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यात मेडिसिन हॅटकडून 6-7 असं हरलं. त्यानंतर वीस वर्षं काही नाही.

त्याहून वाईट होतं 2005 चं प्रकरण. हंगाम सुरू होण्याआधी संघाच्या बसमध्ये मोठ्या खेळाडूंनी नवख्यांना विवस्त्र करून प्रसाधनगृहात कोंबलं. एका सोळा वर्षांच्या मुलाने नकार दिला. पुढे सरावात त्याच्यावर स्टिकने हल्ला झाला आणि त्याचे दात गेले. लीगने प्रशिक्षकाला 40 सामन्यांसाठी निलंबित केलं, क्लबला 35 हजार डॉलर दंड केला. आपल्याकडच्या वसतिगृहातल्या रॅगिंगच्या बातम्या वाचलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. घरापासून लांब असलेली पोरं, मोठ्यांचा धाक, आणि बघून न बघितल्यासारखं करणारी वडीलधारी माणसं. या प्रकरणाचा खरा आरंभबिंदू मी इथे धरतो. कारण अडीच वर्षांनी ज्या ड्रेसिंग रूमला कर्णधाराचा मृत्यू सोसायचा होता, ती ड्रेसिंग रूम आधी माणसांत यायला हवी होती.

2006 मध्ये क्लब विकला गेला. घेणारे तिघे: बॉब बूनर, वॉरन रायकेल आणि उद्योजक पीटर डोब्रिच. बूनर विंडसरचा, रायकेल टेकम्सीचा, दोघेही नॅशनल हॉकी लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळून आलेले. रायकेलच्या नावावर तर 1996 चा स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपदही होतं. दोघांचीही ख्याती नाजूक कौशल्यासाठी नव्हती. अंगावर घेणारे, संघासाठी मार खाणारे आणि देणारे असे ते खेळाडू. बूनर मुख्य प्रशिक्षक झाला, रायकेल जनरल मॅनेजर. मालकच प्रशिक्षक आणि मालकच निवडकर्ता. या रचनेत धोका उघड आहे, पण एक मोठा फायदाही आहे. पहिल्या वर्षी हरलं म्हणून कुणी प्रशिक्षकाला हाकलणार नव्हतं.

आणि ते हरले. 2006-07 च्या हंगामात 68 पैकी फक्त 18 सामने जिंकले.

जिथे डाव खरा मांडला गेला

त्या हंगामाच्या तळाच्या स्थानामुळे 2007 च्या ड्राफ्टमध्ये विंडसरला दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. एरी संघाने पहिल्या क्रमांकावर रायन ओरायलीला घेतलं. विंडसरने घेतला टेलर हॉल, तेव्हा पंधरा वर्षांचा. पहिल्याच हंगामात त्याने 45 गोल केले आणि कॅनडाभरातला सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. हे नशीब आणि नजर दोन्ही. पण त्याच ड्राफ्टमध्ये 22 व्या क्रमांकावर विंडसरने रायन एलिसला घेतलं, त्याला मात्र मी निखळ नजर म्हणेन. बचावपटू, आणि उंचीने लहान. बचावपटू धिप्पाड हवा हा त्या काळचा ठाम समज, म्हणून एवढे संघ त्याच्यावरून पुढे गेले. पण बर्फावर तो सगळ्यांच्या आधी पुढची चाल वाचायचा, आणि त्याचा निळ्या रेषेवरून येणारा फटका गोलरक्षकाला दिसायच्या आत जाळ्यात असायचा.

यांच्या जोडीला ग्रेग नेमिझ, ॲडम हेन्रिक, डेल मिचेल, शेजारच्याच गावातला एरिक वेलवुड, रशियातून आलेला आंद्रेई लोक्तिओनोव, आणि जाळ्यासमोर अँड्र्यू एंगेलाज. यातले बरेच जण 2007-08 मध्येच संघात होते. त्या हंगामात, म्हणजे मिकी रेनोच्या नेतृत्वाखाली, संघाने 18 विजयांवरून 41 वर उडी घेतली. बूनर लीगचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला.

हे आकडे 'मिकीसाठी जिंकले' या गोष्टीत सहसा येत नाहीत. मला ते फार महत्त्वाचे वाटतात. संघ उभा राहिला तो मिकी जिवंत असताना, त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या हातभाराने. पडक्या क्लबातून चांगला क्लब होण्याचं काम ज्या खेळाडूंनी केलं, त्यांचा तो कर्णधार होता. त्याला केवळ पुढच्यांच्या प्रेरणेचं निमित्त करून ठेवलं, तर त्याचं स्वतःचं काम पुसलं जातं.

फेब्रुवारीनंतर

कर्णधार गेल्यावरही हंगाम उरलाच होता. सामने काही काळ थांबले, अंत्यविधी झाला, आणि मुलं पुन्हा बर्फावर उतरली. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत सार्नियाने विंडसरला घरी पाठवलं. त्या सार्निया संघात स्टीव्हन स्टॅमकोस होता, जो त्याच उन्हाळ्यात नॅशनल हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. पराभव खेळाच्या हिशेबाने समजण्यासारखा. तरी इथे क्षणभर थांबायला हवं. दुःखाने बळ मिळतं हाच नियम असता, तर ते बळ याच वेळी, जखम ताजी असताना, दिसायला हवं होतं. दिसलं ते उलट. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं थकलेली होती आणि हरली. पुढचा उन्हाळा त्यांना मिळाला, घरी जायला मिळालं, हे माझ्या मते त्यांच्यासाठी चांगलंच झालं.

या आजाराबद्दल दोन गोष्टी. साधारण 500 माणसांमागे एकाला हृदयाची ही विकृती असते. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. तरुण खेळाडूंच्या मैदानावरच्या किंवा खेळानंतरच्या अचानक मृत्यूंमागे ती एक प्रमुख कारण म्हणून गणली जाते. हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढला तर अनेकदा संशय येतो आणि इकोकार्डिओग्रामवर निदान पक्कं होतं. इटलीने 1982 पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. उत्तर अमेरिकेत तशी सक्ती झाली नाही. सगळ्यांची तपासणी केली तर निरोगी मुलांवरही खोट्या संशयाचा शिक्का बसतो, हा तिथला मुख्य आक्षेप. डॉक्टरांमधला हा वाद अजून मिटलेला नाही. पण आईवडिलांनी आणि प्रशिक्षकांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: धावताना घेरी येऊन पडणं, छातीत दुखणं, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर मुलाला मैदानावर पाठवण्याआधी हृदयतज्ज्ञाकडे न्यावं. हे शिवाजी पार्कला किंवा कोल्हापूरच्या फुटबॉल मैदानावर खेळणाऱ्या मुलालाही तितकंच लागू आहे.

57 विजय

2008-09 चा हंगाम सुरू झाला तेव्हा हॉल सोळा वर्षांचा होता, नोव्हेंबरात सतरा पूर्ण झाली. एलिसही सतराच. त्यांच्यावर अठरा ते वीस वयाच्या खेळाडूंचा जाड थर. ज्युनियर हॉकीत संघ घडवणारे या क्षणाची वाट बघत असतात: लहान वयाचे असामान्य खेळाडू आणि मोठ्या वयाचे भक्कम खेळाडू, दोन्ही एकाच हिवाळ्यात. असा हिवाळा एखादाच येतो.

संघाने 68 पैकी 57 सामने जिंकले, 10 हरले, एक शूटआउटमध्ये गेला. 115 गुण, लीगमध्ये सर्वाधिक. हॉलचे 63 सामन्यांत 90 गुण, यात 38 गोल आणि 52 साहाय्य. बचावपटू असूनही एलिसचे 57 सामन्यांत 89 गुण. बचावपटूचा हा आकडा थक्क करणारा आहे. मध्येच एलिस कॅनडाच्या वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय संघातून खेळायला गेला आणि जानेवारी 2009 मध्ये ओटावाहून जागतिक ज्युनियर स्पर्धेचं सुवर्णपदक घेऊन परतला. त्या संघातले जॉन टवारेस आणि कोडी हॉजसन त्याचे सहकारी होते. वसंतात तेच दोघे त्याच्या वाटेत उभे राहणार होते.

डिसेंबर 2008 मध्ये संघाने जुना 'बार्न' सोडला. शहराच्या पूर्वेला साडेसहा हजार आसनांचं नवं रिंक उभं राहिलं होतं, नाव डब्ल्यूएफसीयू सेंटर. ही आद्याक्षरं विंडसरच्याच एका क्रेडिट युनियनची. आपल्या भाषेत सांगायचं तर सहकारी पतसंस्था. एखाद्या बलाढ्य कंपनीऐवजी गावच्या पतसंस्थेचं नाव रिंकवर यावं, हे मला फार आवडलं.

आणि गावाला त्या वेळी आधाराची गरज होती. 2008 च्या आर्थिक पडझडीत मोटार उद्योग कोसळला आणि विंडसरची बेरोजगारी कॅनडातल्या मोठ्या शहरांत सर्वाधिक झाली. 30 एप्रिल 2009 ला क्रायसलरने दिवाळखोरीचा अर्ज केला, 1 जूनला जनरल मोटर्सने. त्यातच 15 एप्रिलपासून महापालिकेचे कर्मचारी संपावर गेले. हा संप 101 दिवस चालला. कचरा उचलला जाईना, उद्यानांत गवत कमरेला लागलं. प्लेऑफचे निर्णायक आठवडे नेमके याच काळातले. त्या वसंतात विंडसरमधल्या बापाला संध्याकाळी पोराशी बोलायला आनंदाचा विषय कुठला होता, याचा विचार केला की साडेसहा हजार खुर्च्या का भरत हे वेगळं सांगावं लागत नाही.

टवारेसचा लंडन, हॉजसनचा ब्रॅम्प्टन

विंडसरला रोखायला लंडनने (हे ऑन्टारिओमधलं लंडन) जानेवारीत मोठा सौदा केला आणि ओशावाकडून टवारेसला आणलं. टवारेस म्हणजे त्या पिढीचा सर्वांत गाजलेला गोल करणारा. दोन संघांची गाठ पडली पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत. कागदावर मालिकेचा निकाल 4-1, विंडसरच्या बाजूने. पण ही मालिका आकड्याइतकी सोपी नव्हती. सामन्यांमागून सामने जादा वेळेपर्यंत ताणले गेले. हॉकीत जादा वेळ म्हणजे पहिला गोल झाला की खेळ खलास. अशा मालिकेत 4-1 आणि 1-4 यांच्यात फार अंतर नसतं. तिथे तुकड्यांची खोली कामाला आली, असं माझं वाचन आहे. तिसऱ्या-चौथ्या तुकडीलाही बिनधास्त बर्फावर उतरवता आलं, की साठाव्या मिनिटानंतरही पायांत जीव उरतो.

ऑन्टारिओच्या अंतिम फेरीत समोर ब्रॅम्प्टन. हॉजसन आणि मॅट डुशेन यांचा संघ. हा डुशेन 2007 च्या त्याच ड्राफ्टमध्ये हॉलनंतर तीन क्रमांकांनी निवडला गेला होता. तिथेही निकाल 4-1. एकवीस वर्षांनी ऑन्टारिओच्या विजेत्याचा जे. रॉस रॉबर्टसन कप विंडसरला परत आला. हॉलने 20 प्लेऑफ सामन्यांत 36 गुण मिळवले आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

रिमुस्की

मेमोरियल कप 1919 सालचा, पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झालेला. तीन लीगचे तीन विजेते आणि एक यजमान संघ, अशा चौघांची ही स्पर्धा. 2009 ला यजमान होतं क्युबेकमधलं रिमुस्की, सेंट लॉरेन्स नदीच्या काठावरचं फ्रेंच भाषिक गाव. विंडसरपासून सुमारे 1,400 किलोमीटर. इथे आधी प्रत्येकाशी एकेक सामना. पहिला थेट अंतिम फेरीत, दुसरा आणि तिसरा उपांत्य सामन्यात. चौथा घरी.

68 सामन्यांत फक्त 11 गमावलेला हा संघ इथे पहिले दोन्ही सामने हरला. आधी क्युबेक विजेत्या ड्रमंडव्हिलकडून, मग पश्चिमेच्या केलोनाकडून. केलोनामध्ये जेमी बेन, टायलर मायर्स, मिकाएल बॅकलुंड, पुढे वर्षानुवर्षं नॅशनल हॉकी लीग गाजवणारी मंडळी. आता आणखी एक पराभव आणि आठ महिन्यांचं काम संपणार होतं.

इथून पुढे विंडसर चार सामने खेळलं, आणि चारपैकी कुठलाही हरलं असतं तर बस घराकडे निघाली असती. तिसऱ्या साखळी सामन्यात यजमान रिमुस्कीला हरवलं. पण दोघांचेही एक विजय, दोन पराभव असे समान झाले, म्हणून त्याच रिमुस्कीशी पुन्हा टायब्रेकर. त्यांच्या गावात, त्यांच्या प्रेक्षकांसमोर, दुसऱ्यांदा. तोही जिंकला. उपांत्य सामना ड्रमंडव्हिलशी, ज्यांनी पहिल्या सामन्यात हरवलं होतं. तो जादा वेळेत गेला आणि विंडसरच्या गोलने संपला. 24 मे रोजी अंतिम सामन्यात समोर केलोना, ज्याने दुसऱ्या सामन्यात हरवलं होतं. विंडसर 4, केलोना 1. पहिले दोन सामने हरून, टायब्रेकरच्या वाटेने येऊन कप उचलणारा हा पहिलाच संघ. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू पुन्हा हॉल.

या चार सामन्यांचं स्पष्टीकरण देताना फार सावध राहायला हवं, कारण इथेच गोष्ट रचण्याचा मोह सर्वांत जास्त. उपांत्य सामन्यातल्या जादा वेळेत पक (खेळातली रबरी चकती) कुणाच्या स्केटला लागून दुसरीकडे गेला असता, तर आज हे प्रकरण 'दुःखाने दबलेला बलाढ्य संघ ऐनवेळी ढासळला' अशा मथळ्याखाली कुणी लिहिलं असतं. तेच खेळाडू, तेच दुःख, तोच प्रशिक्षक. म्हणून माझ्या लेखी या हंगामाचा पुरावा ते चार सामने नसून आधीचे 57 विजय आणि प्लेऑफची लांबलचक परीक्षा आहे. ते एका उसळीवर ठरत नाही.

तरीही एक गोष्ट त्या चार सामन्यांत मला दिसते. दोन पराभवांनंतर हा संघ घाबरून वेगळा खेळायला लागला नाही. तीन-चार तुकड्या फिरवत राहणं, एलिसकडून पक बाहेर काढणं, हॉलच्या वेगाला मोकळी जागा देणं, हिवाळाभर जे केलं तेच. ज्या मुलांनी वर्षभरापूर्वी आपल्या कर्णधाराला खांदा दिला होता, त्यांना साखळी सामन्यातल्या पराभवाची भीती किती वाटणार? हा माझा अंदाज आहे आणि मी तो अंदाज म्हणूनच लिहितो. दुःखाने त्यांना बळ दिलं असं म्हणण्यापेक्षा, कशाला किती घाबरायचं याचं माप त्यांना आधीच कळलं होतं, असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

नंतर

पुढच्या वर्षी हा संघ आणखी पुढे गेला. 2010 च्या पश्चिम विभागीय अंतिम फेरीत किचनरविरुद्ध 0-3 मागे पडून 4-3 ने जिंकला, आणि ब्रँडनमध्ये यजमानांना 9-1 असं हरवून मेमोरियल कप राखला. लागोपाठ दोन वर्षं स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरणारा हॉल पहिलाच. त्या उन्हाळ्यात एडमंटनने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं. बूनरही नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रशिक्षणाच्या कामाला गेला.

सगळंच उजळ नाही. 2012 मध्ये लीगने खेळाडू भरतीच्या नियमांचा भंग केल्याबद्दल विंडसरला चार लाख डॉलरचा दंड केला आणि ड्राफ्टमधल्या निवडी काढून घेतल्या. क्लबने आव्हान दिल्यावर शिक्षा कमी झाली. 2009 च्या विजेतेपदाशी त्याचा धागा जोडणं योग्य होणार नाही. पण या क्लबचा अभ्यास करणाऱ्याने ते पान उलटून पुढे जाणंही योग्य नाही. ज्युनियर हॉकी म्हणजे शाळकरी मुलांच्या कष्टावर चालणारा मोठा धंदा आहे, आणि चांगली माणसंही त्या धंद्याच्या ओढीत असतात.

मिकी रेनोचा 18 नंबर विंडसरने कायमचा निवृत्त केला. ती जर्सी आता कुणी घालत नाही. नव्या रिंककडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव आहे. तो स्वतः त्या रिंकवर एकदाही खेळला नाही, ते उघडण्याच्या दहा महिने आधी तो गेला होता. ऑन्टारिओ हॉकी लीगने त्याच्या नावाने कर्णधारांसाठी करंडक सुरू केला. बर्फावर आणि बर्फाबाहेर नेतृत्व करणाऱ्या कर्णधाराला तो दरवर्षी मिळतो. 2009 मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला, प्लिमथच्या ख्रिस टेरीला. त्याच वसंतात प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत टेरीचा संघ विंडसरकडून हरला होता.